पुरुषांची कैफियत : कथन-बैठक भरवू इच्छिणाऱ्यांसाठी

आजऱ्यात १९४० साली जन्मलेल्या शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ ही कादंबरी १९६७ साली प्रसिद्ध झाली आणि महाभारतातील एका उपेक्षित वीराला आपली कैफियत स्वमुखाने मांडण्याची संधी मराठीत मिळाली, हे सर्वश्रुत आहे. परंतु त्या कादंबरीच्या रचनेत एक गोष्ट अशी आहे की, पुरुषांच्या आत्मकथनाचा गांभीर्याने विचार करणाऱ्याने प्रथम तिच्याकडेच पाहावे. कर्ण तेथे एकटा बोलत नाही. त्याच्या निवेदनाशेजारी कुंतीचे निवेदन आहे, वृषालीचे आहे, दुर्योधन, शोण आणि श्रीकृष्ण यांचेही आहे. ज्या पुरुषाचे जीवित आपण ऐकत असतो त्याला जवळून ओळखणारी माणसे आपापल्या जागेवरून साक्ष देत असतात. आणि सूतपुत्र म्हणून पदोपदी अवहेलना सोसलेला हाच पुरुष द्यूतसभेत द्रौपदीच्या विटंबनेत सामील झाला होता, ही महाभारतातील नोंद त्याच्या कोणत्याही दुःखाने खोडली जात नाही. अन्याय सोसणारा आणि अन्याय करणारा हे दोघे एकाच देहात, कित्येकदा एकाच दिवशी, नांदू शकतात, हे सत्य ज्याला पेलते त्यानेच पुरुषांची कथने ऐकण्याचा उद्योग आरंभावा, असे माझे मत आहे.

असा उद्योग करू पाहणाऱ्यांसाठी हा लेख आहे : आजऱ्याच्या गंगामाई वाचन मंदिरासारख्या ग्रंथालयाचे कार्यवाह, तालमीचे वस्ताद, शाळा-महाविद्यालयांतील शिक्षक, गणेशोत्सव मंडळांचे कार्यकर्ते, आरोग्यसेवक, किंवा आपल्या गावातील पुरुष मनातले बोलत नाहीत आणि त्यापायी अकाली खचतात हे पाहून अस्वस्थ झालेला कोणीही गृहस्थ. आठदहा पुरुषांनी एकत्र बसावे, प्रत्येकाने आपल्या आयुष्यातील एखादा प्रसंग स्वतःच्या शब्दांत सांगावा, इतरांनी तो ऐकावा, आणि त्या ऐकण्यातून पुरुषपणाविषयी, आरोग्याविषयी आणि गावातील न्याय-अन्यायाविषयी काही निष्पन्न व्हावे, एवढीच ही तजवीज. दिसायला ती सोपी आहे. परंतु पुरेसा विचार न करता आरंभिल्यास तिची गत दोहोंपैकी एक होते. एक तर ती व्यसनमुक्तीच्या व्याख्यानाप्रमाणे उपदेशाची सभा बनते. नाहीतर हल्लीच्या बायका ऐकत नाहीत, कायदे सगळे त्यांच्याच बाजूचे, अशा तक्रारींचा सामुदायिक अर्ज होऊन बसते. दोन्ही टाळण्याचा मार्ग एकच आहे. सांगणाऱ्याने आपल्याला झालेली इजा जितक्या स्पष्टपणे सांगावी, तितक्याच स्पष्टपणे आपल्या हाती असलेला अधिकार आणि त्याचा आपण केलेला वापरही सांगावा. सावकाराच्या खतावणीत जमा आणि नावे या दोन्ही बाजू भरल्यावाचून हिशेब पुरा होत नाही, तसेच हे आहे.

मराठी पुरुषाला आत्मकथनाचे वावडे कधीच नव्हते. दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८ साली आले, लक्ष्मण मानेंचे ‘उपरा’ १९८० साली, शरणकुमार लिंबाळे यांचे ‘अक्करमाशी’ १९८४ साली. आणि पुरुषपण सर्वांच्या वाट्याला सारखे येत नाही, कोणी मिशीला पीळ द्यायचा आणि कोणी मान खाली घालून चालायचे हे गावात जात ठरवते, ही गोष्ट या ग्रंथांनी सुखवस्तू वाचकाला इतक्या निःसंदिग्ध शब्दांत ऐकविली की, त्यानंतर अजाणतेपणाची सबब त्याला उरली नाही. आपल्याच कोल्हापूर जिल्ह्यातील कागलच्या आनंद यादवांनी ‘झोंबी’त (१९८७) शाळेसाठी तळमळणारा मुलगा आणि त्याला शेताच्या कामाला जुंपून मारझोड करणारा बाप यांचा संघर्ष लिहिला, तेव्हा त्या बापाच्या कठोरपणामागे दारिद्र्य उभे आहे हेही वाचकाला दिसल्यावाचून राहिले नाही. गडहिंग्लज भागातील राजन गवसांनी ‘भंडारभोग’मध्ये (१९८८) यल्लम्मेला वाहिलेल्या जोगत्याचे जिणे मांडले; पुरुषदेहाने जन्मून लुगडे नेसणे ज्याच्या नशिबी आले त्या माणसाला गाव देवकार्यापुरते पूज्य मानते आणि एरवी त्याची टवाळी करते, हे ज्याने वाचले त्याला ‘मर्दानगी’ ही निसर्गाने दिलेली वस्तू असून तिच्यात मानवी हात नाही असे पुन्हा म्हणवणार नाही. बैठकीच्या आरंभी अशा एखाद्या ग्रंथातील दोनचार पाने मोठ्याने वाचावीत. परक्या माणसाच्या धैर्याने आपल्याला धैर्य येते, आणि बोलायचे म्हणजे किती खरे बोलायचे याचे मापही कळते.

या कामाची परंपराही मराठीत अगदीच नवी नाही. र. धों. कर्व्यांनी १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केले आणि १९५३ साली देहावसान होईपर्यंत ते निष्ठेने चालविले; ज्या शंका वैद्यापुढे वा वडिलांपुढे उच्चारण्याची छाती होत नव्हती, त्या वाचक त्यांच्याकडे पत्राने पाठवीत आणि त्यांना शास्त्रशुद्ध उत्तर मिळे. पुढे १९९१ साली मुंबईत पत्रकार सी. वाय. गोपीनाथ यांनी, पत्नीला मारहाण करणे ज्यांना अमान्य आहे अशा पुरुषांनी पुढे यावे, असे आवाहन वृत्तपत्रातून केले. त्याला दोनशेहून अधिक पुरुषांनी प्रतिसाद दिला आणि त्यातूनच १९९३ साली ‘मेन अगेन्स्ट व्हायोलन्स अँड अब्यूज’ अर्थात ‘मावा’ ही संस्था उभी राहिली. हरीश सदानी यांनी ती अनेक वर्षे चिकाटीने सांभाळली असून तिचा ‘पुरुष स्पंदनं’ हा दिवाळी अंक १९९६ पासून पुरुषांना स्वतःविषयी लिहिते करीत आला आहे. अमेरिकेत २००८ साली जोसी लेरर यांनी सुरू केलेल्या उपक्रमात सामान्य पुरुष आपली कथा रंगमंचावर उभे राहून सांगतात आणि नंतर प्रेक्षकांशी चर्चा होते. तो प्रकार अवश्य अभ्यासावा, परंतु आजऱ्यात एकदम व्यासपीठाने आरंभ करू नये. ध्वनिक्षेपक समोर आला की आपल्याकडील माणूस भाषण करतो, मग पोटातले बाहेर येत नाही. आधी चटई, मग जमल्यास व्यासपीठ.

कोणत्या कथा निघतील, याचा अंदाज घेण्यासाठी आजरा तालुक्याच्या पुरुषाचे आयुष्य कोणत्या रस्त्याने गेले आहे ते पाहावे लागते. घनसाळ भाताच्या आणि काजूच्या या मुलखातून पिढ्यान्‌पिढ्या तरुण मुंबईला गेले; गिरणगावातील एकेका खोलीत अनेकांनी मिळून बिऱ्हाड केले, पाळीच्या वेळा सांभाळून आळीपाळीने झोप घेतली, खानावळीत जेवले, आणि गावाकडे मनिऑर्डर धाडली. त्यांच्या बायकांनी येथे शेत राखले, सासू-सासऱ्यांची उस्तवार केली, मुले वाढविली. वर्षातून गणपतीला आणि मे महिन्यात घरी येणारा बाप मुलांना पाहुण्यासारखा वाटला असेल, आणि त्या बापाला आपलेच घर परके वाटले असेल, याची चर्चा कधी झाली नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणीकामगार संपावर गेले. तो संप विधिवत कधी मागे घेतला गेला नाही, गिरण्या मात्र एकामागून एक बंद पडल्या. अनेकांना गावी परतावे लागले. ज्याच्या पाकिटाने घरात मान मिळत होता त्याच्या हाती एकाएकी काही उरले नाही, तेव्हा त्या मानाचे काय झाले? कोण दारूकडे वळला, कोणी बायकोच्या कष्टावर जगताना आतल्या आत झुरला आणि बाहेर हात उगारला, कोणी निमूटपणे नांगर धरला आणि सुखी झाला? त्या पिढीतील माणसे आता वृद्ध आहेत. त्यांची मुले पन्नाशीला आली आहेत. या पिता-पुत्रांपैकी कोणी अद्याप बोललेले नाही, आणि बैठक भरवणाऱ्याला आरंभाला याहून योग्य विषय मिळणार नाही.

त्याशिवाय धरणाखाली जमीन गेलेला शेतकरी आहे; नव्या गावठाणात त्याला शेजार मिळतो, पण ओळख मिळायला वर्षे लागतात. रात्री हत्ती शिवारात उतरल्यावर राखणीला बसलेला तरुण आहे, ज्याला भीती वाटते हे सांगण्याची सोय नाही. सांगितले तर बांगड्या भर म्हणणारे चार जण पारावर बसलेले असतातच. लग्न न जमलेला चौतीस-पस्तीस वर्षांचा शेतकरी आहे. मूल होत नाही म्हणून बायकोला देवदेवस्कीला नेणारा आणि स्वतःची तपासणी करून घ्यायला तयार नसलेला नवरा आहे.

येथून आरोग्याचा प्रश्न सुरू होतो, आणि तो मला सर्वांत निकडीचा वाटतो. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या दप्तरानुसार २०२२ साली देशात १,७०,९२४ आत्महत्या नोंदल्या गेल्या. त्यांत पुरुषांचे प्रमाण सुमारे ७२ टक्के, म्हणजे १,२२,०००हून अधिक पुरुष होते. स्त्रियांना दुःख कमी असते म्हणून हे घडत नाही. स्त्री आपले गाऱ्हाणे विहिरीवर, माहेरी, देवळात, बचतगटात कोणाच्या तरी कानावर घालते. पुरुष मित्रांच्या घोळक्यात तासन्‌तास बसूनही ऊस, राजकारण आणि क्रिकेट यांपलीकडे जात नाही. कर्जाचा हप्ता थकलेला असतो, छातीत कळ आलेली असते, शौचावाटे रक्त जात असते, आणि चारचौघांत तो हसत असतो. ज्या रोगावर आरंभी साधा उपचार असतो तो घेऊन तो दवाखान्यात उशिरा पोहोचतो. गिरणीच्या सुताच्या धुळीने फुप्फुसे निकामी झालेल्या कित्येकांनी आयुष्यभर ‘जरा दम लागतोय’ यापलीकडे तक्रार केली नाही.

दुसरे उदाहरण याहून बोलके आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) असे आढळले की, देशातील ३७.९ टक्के विवाहित जोडप्यांत स्त्रीने नसबंदीची शस्त्रक्रिया करून घेतली आहे आणि पुरुषाने ती करून घेतल्याचे प्रमाण ०.३ टक्के आहे. वास्तविक पुरुषाची शस्त्रक्रिया अधिक सोपी. तेवढाच भाग बधिर करून ती थोड्या वेळात होते, माणूस त्याच दिवशी घरी जातो, तीन महिने अन्य साधन वापरून वीर्यतपासणी केली की झाले, आणि पुरुषाच्या कामशक्तीशी तिचा काही संबंध नसतो. तरीही ‘अंगातली ताकद जाते’ या एका समजुतीखातर बाळंतपणाने आधीच थकलेल्या बाईचे पोट उघडले जाते. वीर्यनाशाच्या भीतीचेही तसेच. ‘धात’ जाते म्हणून हवालदिल होणाऱ्या तरुणांच्या या मनोव्यथेला डॉ. नरेंद्रनाथ विग यांनी १९६० साली मनोविकारशास्त्रात स्वतंत्र नाव दिले. स्वप्नदोष वा हस्तमैथुन यांनी शरीराची हानी होत नाही हे वैद्यक स्पष्टपणे सांगते. परंतु एस्‌टी स्टँडच्या भिंतीवर गुप्तरोगाच्या जाहिराती आजही आहेत आणि तरुण आपली कमाई तेथे गुपचूप नेऊन ओततात. आठ तरुणांच्या बैठकीत एकाने ही भीती बोलून दाखविली आणि उरलेल्या सातांपैकी पाचांनी ‘मलाही’ असे म्हटले, तर त्या भोंदूंचा निम्मा धंदा त्या रात्रीच बसेल. म्हणून बैठकीच्या शेवटी प्रश्नांची उत्तरे देण्यास ग्रामीण रुग्णालयातील वा प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरांना बोलवावे. मात्र कथने चालू असताना त्यांनी बाहेर थांबावे, नाहीतर सांगणारा माणूस रुग्ण होऊन जातो.

आता प्रत्यक्ष व्यवस्थेकडे वळू. हंगाम पाहावा : रोपलावणीच्या आणि सुगीच्या दिवसांत कोणालाही बोलावू नये, चाकरमानी हवे असतील तर गणपतीत आरतीनंतरची रात्र किंवा मे महिना उत्तम. जागा कोणा पुढाऱ्याच्या घरी नसावी, कोणा एका समाजाच्या मंदिरातही नसावी. वाचनालय, शाळेची खोली, अथवा तालीम चालेल. तालमीविषयी थोडे अधिक सांगतो, कारण कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला आणि १९१२ साली खासबागेचे मैदान बांधून पुरे झाले, तेव्हापासून या जिल्ह्यात तालीम ही पुरुष घडवण्याची जागा मानली गेली आहे. तेथे पुरुष एकमेकांच्या अंगाला तेल लावतो, माती लावतो, मुरगळलेला खांदा चोळून देतो. पुरुषाने पुरुषाची काळजी घेण्याची एवढी निःसंकोच रीत आपल्या समाजात अन्यत्र नाही. वस्ताद अनुकूल असेल तर तेथील बैठकीत मुले लवकर मोकळी होतात.

माणसे बोलावताना पाटील, धनगर, बौद्ध, मुसलमान, लिंगायत अशी सर्व वस्त्यांतील यावीत हे बघावे, पण सर्वांना पहिल्याच दिवशी एका चटईवर बसवून सलोखा घडला असे समजू नये. ज्याच्या बांधावर ज्याचा बाप राबला, त्याच्यासमोर तो पहिल्या खेपेस मोकळे बोलणार नाही, आणि बोलावे असा आग्रह करणे हाही एक अन्यायच. पहिली एखाददुसरी बैठक आपापल्या सवंगड्यांत होऊ द्यावी. एकत्र बसल्यावर क्रम मात्र असा ठेवावा की, गावात ज्याचा शब्द नेहमी आधी ऐकला जातो तो शेवटी बोलेल. सरपंच असेल तर सरपंच. बैठकीपूर्वी कोणी दारू घेतली असेल तर त्याला अपमान न करता घरी पोचवावे आणि पुढच्या वेळी आवर्जून बोलवावे.

विषय मोघम देऊ नये. ‘पुरुषत्व म्हणजे काय’ असे विचारले तर निबंध ऐकावा लागतो. त्याऐवजी प्रसंग मागावा : तू शेवटचा कधी रडलास, आणि कोणी पाहिले? बापाने तुला पहिल्यांदा मारले ते कशासाठी, आणि तू कोणाला पहिल्यांदा मारलेस? घरातला कोणता निर्णय तू एकट्याने घेतलास आणि त्याचा भार कोणी वाहिला? कोणता आजार तू लपवलास? जातीमुळे तुझी मान कधी खाली गेली, आणि तुझ्यामुळे कोणाची? यांतील जोडप्रश्न मी मुद्दाम घातले आहेत. पहिल्या अर्ध्याने मनाचे दार उघडते. दुसऱ्या अर्ध्यावाचून माणूस आपल्याच दुःखाच्या कुरवाळण्यात रमतो. सांगणाऱ्याने कथनात दुसरा अर्धा टाळला तर निमंत्रकाने दटावू नये, वकिली उलटतपासणी करू नये. ‘आणि त्या वेळी वहिनी काय करत होत्या?’ एवढे शांतपणे विचारावे. ज्याला सर्वांसमोर बोलणे जड जाते त्याला लिहून आणायला सांगावे. जेम्स पेनेबेकर या मानसशास्त्रज्ञाने १९८६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी रोज पंधरा मिनिटे याप्रमाणे ओळीने चार दिवस आपल्या क्लेशदायक अनुभवांविषयी लिहिले, आणि पुढील महिन्यांत त्यांचे दवाखान्यात जाणे कमी झाले. मात्र लिहिल्यानंतर लगेच त्यांचे मन जड झाले होते, हे निमंत्रकाने विसरू नये. बैठक संपताच माणसाला अंधारात एकटा घरी धाडू नये. चहा ठेवावा, दोघांनी सोबत जावे, दुसऱ्या दिवशी कोणी सहज म्हणून घरी डोकवावे.

ऐकणाऱ्यांसाठी नियम थोडेच, पण ते निरपवाद पाळले पाहिजेत. मध्ये बोलायचे नाही, सल्ला द्यायचा नाही, हसण्यावारी न्यायचे नाही. आपल्याकडे शंकर पाटील, व्यंकटेश माडगूळकर आणि द. मा. मिरासदार यांनी कथाकथनाची जी थोर परंपरा निर्माण केली तिने गावच्या माणसाच्या फजितीवर मनसोक्त हसायला शिकविले, आणि ते हसू मायेचे होते. पण जो स्वतःची जखम उघडी करीत आहे त्याच्यापुढे ते हसू कामाचे नाही. एखाद्याने बायकोला मारल्याचे सांगितले तर ‘होतं असं’ म्हणून पाठ थोपटायची नाही, आणि त्याची निर्भर्त्सनाही जागच्या जागी करायची नाही. मार थांबला आहे का, एवढे मात्र त्याच दिवशी, बाजूला घेऊन, सरळ विचारायचे. थांबला नसेल तर कथनाचे कौतुक बाजूला ठेवून त्या बाईची सुरक्षितता प्रथम. गावातील अंगणवाडीताई, महिला मंडळ वा पोलीस यांच्यापर्यंत ती पोहोचू शकते की नाही, हे पाहणे ही निमंत्रकाची जबाबदारी आहे आणि बैठकीची गुप्तता तिच्या आड येऊ देता कामा नये.

गुप्ततेला मर्यादा आहेत, हे आरंभीच बजावून सांगावे. अल्पवयीन मुलावर वा मुलीवर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळल्यास पोलिसांना कळविण्याचे बंधन २०१२ च्या पोक्सो कायद्याने प्रत्येकावर घातले आहे. ‘बोल, काही बाहेर जाणार नाही’ असे वचन देऊन मग ते मोडणे हा विश्वासघात होय. आत्महत्येचा विचार कोणी बोलून दाखविला, किंवा तसा संशय आला, तर त्याला थेट विचारावे. विचारल्याने तो विचार मनात भरतो ही समजूत चुकीची आहे. त्या माणसाला एकटे सोडू नये, घरातील कीटकनाशके आणि तणनाशके कुलपात ठेवण्याची घरच्यांना समज द्यावी, दवाखान्यात न्यावे. ‘टेलि-मानस’ या शासकीय सेवेचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस चालू असतो आणि तेथे मराठीत बोलता येते. हा क्रमांक बैठकीच्या खोलीत मोठ्या अक्षरांत लावून ठेवावा.

कथने झाली, डोळे पुसले गेले, आणि दुसऱ्या दिवशी सर्व काही पूर्ववत चालू राहिले, असे होण्याचा संभव मोठा आहे. मन मोकळे करणे ही चांगली गोष्ट आहे. न्याय ही तिच्यापलीकडील गोष्ट असून तिला कागद, ठराव आणि श्रमाची वाटणी लागते. शाहू महाराजांनी १९०२ साली मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखल्या आणि १९१९ साली स्त्रियांना क्रूरपणे वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा केला, हे केवळ मनात कणव दाटून आल्याने घडले नाही. हुकूम लिहावा लागला. शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी ‘लक्ष्मीमुक्ती’ची हाक दिली, तेव्हा पुरुषांनी सभेत पश्चात्ताप व्यक्त करावा एवढे त्यांनी मागितले नाही, जमिनीचा तुकडा पत्नीच्या नावे करा म्हणाले, आणि गावोगावच्या शेतकऱ्यांनी तसे केले. शिरोळ तालुक्यातील हेरवाडच्या ग्रामसभेने मे २०२२ मध्ये विधवांचे कुंकू पुसण्याची, बांगड्या फोडण्याची प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने तो इतर ग्रामपंचायतींपुढे अनुकरणार्थ ठेवला. म्हणून तिसऱ्या-चौथ्या बैठकीनंतर प्रत्येकाने एक कृती निवडावी आणि ती नोंदवावी. सातबाऱ्यावर पत्नीचे नाव लावण्यासाठी तलाठ्याकडे अर्ज देणे, नसबंदीसाठी स्वतः नाव नोंदविणे, बहिणीच्या हक्कसोडपत्रावर घाईने सही घेतली असेल तर तिच्या घरी जाऊन त्याविषयी बोलणे, रक्तदाब आणि साखर तपासून घेणे, सकाळचे पाणी स्वतः भरणे : कृती लहान असली तरी चालेल, मात्र तिची रुजुवात पुढच्या बैठकीत झाली पाहिजे. फेरफाराच्या नोंदीने बाईच्या पायाखाली जेवढी जमीन येते तेवढी पुरुषाच्या अश्रूंनी येत नाही, हे मी कठोर होऊन सांगत आहे, कारण रडून हलके झालेले अनेक जण त्या हलकेपणालाच परिवर्तन समजतात.

स्त्रियांना कधी बोलवावे, हा प्रश्न येईलच. आरंभी नको, त्यांच्यासमोर पुरुष एक तर नमते घेऊन खोटे बोलेल किंवा अंगात आल्यासारखा गर्जेल. परंतु चारसहा महिन्यांनी, सांगणाऱ्यांच्या संमतीने निवडलेली कथने गावातील स्त्रियांसमोर वाचावीत आणि मग पुरुषांनी गप्प बसून त्यांचे ऐकावे. काजूच्या कारखान्यात दिवसभर बसून सोललेल्या काजूने ज्यांची बोटे काळी झाली, ज्यांनी चाकरमान्याच्या घराचा गाडा पंचवीस वर्षे एकट्याने ओढला, त्या ‘खरं आहे’ म्हणतील, ‘अर्धंच सांगितलंस’ म्हणतील, किंवा काहीच म्हणणार नाहीत. जे म्हणतील त्याचीही नोंद त्याच वहीत, त्याच मानाने व्हावी. त्यांच्या उत्तराला पुरुषांनी त्या दिवशी प्रत्युत्तर देऊ नये.

शेवटी छापण्याविषयी. चार कथने चांगली निघाली की गणेशोत्सवाच्या स्मरणिकेत किंवा दिवाळी अंकात ती छापावीत असे कोणाच्या तरी मनात येते, आणि ते योग्यही आहे. छापण्यापूर्वी मसुदा सांगणाऱ्याला वाचून दाखवावा, त्याला हवे ते गाळू द्यावे, गाव आणि नावे बदलावीत. आणि ते कथन ज्या पत्नीविषयी, आईविषयी वा बहिणीविषयी आहे तिलाही ते आधी ऐकवावे. तिची हरकत असेल तर ते कथन, मग ते कितीही उत्कृष्ट उतरलेले असो, छापू नये. कागद सांगणाऱ्याच्या स्वाधीन करावा आणि त्याची दुसरी प्रत दप्तरात ठेवू नये.